शेंदूर ओला होता

हात उठला आणि पुढचं चाक चाकोरीत गेलं. झालं ते एवढंच. अक्कलकोट सडकेवरचा जकात नाका नुकता मागे पडला होता, मान जराशी वळवली तर गिरणीची चिमणी अजून खांद्यावर बसल्यासारखी दिसत होती, आणि आम्ही दहा-बारा सायकलवाले एकमेकांच्या धुळीत तोंड घालून निघालो होतो. उजव्या बाजूला एका निंबाखाली शेंदूर फासलेला दगड दिसला. माझा उजवा हात मला न विचारता मुठीवरून सुटला, छातीला लागला, कपाळाला लागला, आणि तो परत येईपर्यंत चाक बैलगाडीच्या खोल चाकोरीत उतरून हँडल डाव्या हातात मेंढरासारखं हिसडे देऊ लागलं. जीभ दातांत सापडली. पडलो नाही, पण माझ्या पाठीला चिकटून आलेला सोमलिंग तेवढ्यात बाजूने सुटला आणि जाता जाता म्हणाला, "पावला का बे देव, सिद्या?" सगळे हसले. मीही हसलो असेन. तोंडात रक्ताची चव आली, ती गिळली, आणि मग डोक्यात एक गोष्ट फार हळू येऊन बसली. गेल्या रविवारी या निंबाखाली दगड नव्हता.

ही सडक मला पाठ होती. त्या वर्षी थंडी अशी की तलावातले मासे काठावर येऊन ऊन खात. मी पाहिले नाहीत, पण ज्याने पाहिले तो खोटं बोलणारा नव्हता, आणि आता तो हयातही नाही. तसल्या थंडीत दर रविवारी मी नाका ते वळसंग आणि परत असा घासत होतो. विरुपाक्षच्या भाड्याच्या दुकानातली सायकल. "जिंकलास तर माझ्या दुकानाचं नाव सांग," तो म्हणाला होता, "हरलास तर सायकल मावशीची म्हन." फिक्स चाकाची गाडी, चाक फिरतंय तोवर पाय फिरलेच पाहिजेत, मध्ये टेकायची सोय नाही. कुठे खडी उखडलीय, कुठे मोरीवर धक्का बसतो, कुठल्या वस्तीचं कुत्रं कुठवर पाठलाग करतं, सगळं मला माहीत. आणि देव तर माहीतच. नाक्यावरचा मारुती, कुंभारीचा म्हसोबा, वळसंगच्या ओढ्याजवळच्या साती आसरा. प्रत्येकाला एक हात. प्रत्येक हाताला दोन सायकलींची लांबी जायची. सायकल क्लबातली माणसं म्हणायची, याच्या शर्यतीला तेहेतीस कोटी पंच असतात, आणि सगळे सोमलिंगच्या बाजूचे. मागची दोन्ही वर्षं सोमलिंग पहिला आणि मी दुसरा, आणि आमच्यातलं अंतर मोजलं तर एखाद्या म्हसोबाएवढं भरलं असतं.

पण मागची दोन वर्षं नुसती बक्षिसाच्या ढालीची होती. यंदा सोमलिंग तिसऱ्यांदा जिंकला की ढाल कायमची त्याच्या तेलाच्या दुकानात लागणार, घाण्याच्या वर, सगळ्यांना दिसेल अशी. त्याला तेवढंच हवं होतं. मला वेगळं हवं होतं. क्लबचे अध्यक्ष गुरुसिद्धप्पा आमच्याच गिरणीत विणकाम मास्तर होते. संक्रांतीच्या आधी त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की कचेरीला सायकलवरचा शिपाई पाहिजे, स्टेशन, पोस्ट, जिनिंग फॅक्टरी असं टपाल फिरवायला, आणि गिरणीतल्या माणसाने शर्यत मारली तर ती जागा त्याची. मी कार्डिंग खात्यात होतो. तिथे कापूस पिंजला जातो आणि माणूसही. हवेत लव अशी तरंगते की समोरचा साथीदार लग्नातल्या अंतरपाटापलीकडे उभा आहे असं वाटावं. आमच्या खात्यातला जुना माणूस खोकला तर उशी भरेल इतका कापूस निघायचा. माझ्या छातीत दोन वर्षांत तक्क्याएवढा तरी साठला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरने छातीला नळी लावली, डोळे मिटून बराच वेळ ऐकलं, आणि म्हणाला, "खातं सोड." मी म्हटलं, "सोडून जाऊ कुटं?" त्याने डोळे उघडले नाहीत. माझ्या आधी त्याच यंत्रावर होता तो रामहरी. तो शेवटी शेवटी बसून झोपायचा, आडवं झालं की बुडतोय असं वाटतं म्हणायचा. गेल्या पावसाळ्यात तो बसल्या बसल्याच गेला. आता मीही भिंतीला उशी लावून झोपू लागलो होतो. आई बघायची. तर त्या सकाळी ढाल कुणाच्या घाण्यावर लागते याचं मला काही नव्हतं. मला छातीत वारा पाहिजे होता, उरलेल्या आयुष्याला पुरेल इतका.

आणि हात उठत होता. तो माझा नव्हताच, राजाबाईचा होता, आईचा. आम्ही मूळचे सांगोल्याकडचे. तिकडे माणसांपेक्षा मेंढरं जास्त आणि मेंढरांपेक्षा देव जास्त. माझा बाप तात्याबा एका वर्षी कळप घेऊन भीमेकडे उतरला तो परत आला नाही. मेंढरं आली, कुत्रं आलं, घोंगडं आलं. कुणी म्हणालं तापाने गेला, कुणी म्हणालं नदीने नेला. आईने स्वतःचं एक ठरवलं. निघताना घाई होती, आभाळ आलं होतं, आणि शिवेवरच्या दगडाला त्याने हात जोडले नाहीत. तिने मागून पाहिलं होतं. एवढंच. ती रडली असेल, मला आठवत नाही. आठवतं ते माझं मनगट. पुढे शहरात चालत येताना, आणि नंतरही कुठे जाताना, वाटेत तांबडा दगड दिसला की तिची बोटं माझ्या मनगटावर आवळायची आणि हात वर जायचा. नाव माहीत नसलेल्या दगडाला, अर्धा पुरलेल्या दगडाला, एकदा तर रंगाऱ्याने ब्रश पुसलेल्या मैलाच्या दगडाला. मी मोठा झालो, तिने मनगट सोडलं, हात जातच राहिला. गिरणीत यंत्राच्या पट्ट्याला असतं तसं. यंत्रवाला घरी गेला तरी पट्टा थोडा वेळ फिरतो. माझा पंचवीस वर्षं फिरत होता.

कुंभारी गेली. गावातली माणसं रस्त्याच्या कडेला घोंगड्या पांघरून उभी होती. इंग्रजांनी शहरावर लादलेला मार्शल लॉ उठून वर्षं झाली तरी चार माणसं एकत्र उभी राहिली की अजून एकमेकांकडे बघायची. सायकली म्हटल्यावर मात्र त्यांना ओरडायला परवानगी मिळाल्यासारखी झाली होती. म्हसोबाला हात दिला, सायकल सावरली, चार-पाच जणांना मागे टाकलं, सोमलिंगचा पांढरा सदरा पुढे हवेत फुगलेला दिसायला लागला. श्वास अजून बरा होता, फक्त तळाशी काहीतरी खरखरत होतं, चाळणीत राहिलेल्या कोंड्यासारखं. आणि गावाबाहेर, शाळूच्या रानाच्या बांधाला, परत एक. तांबडा, तुकतुकीत, जमिनीतून नुकता डोकं वर काढल्यासारखा. हात गेला. इथे गेल्या रविवारी काय होतं? बांध होता. नुसता बांध. गाडी डगमगली, सदरा पुढे सरकला. मी स्वतःला समजावलं की तू गेल्या रविवारी खाली मान घालून होतास, तुला दिसला नसेल. देव लपून बसू शकतो, तो काही मैलाचा दगड नव्हे. पण एकदा शंका आली की पाय जड होतात. वळसंगच्या अलीकडे तिसरा आला. या वेळी हात वर जात असताना मी डोळे उघडे ठेवले. शेंदूर ओला होता. दगडावरून एक ओघळ खाली येऊन मातीत थांबला होता, सकाळच्या उन्हात चमकत होता, आणि माझ्या नाकात वास आला. करडईच्या तेलाचा, ताज्या घाण्याचा. चालत्या सायकलवरून दगडाचा वास येत नाही असं कुणी म्हणेल. त्याने कार्डिंग खात्यात दोन वर्षं काढावीत, मग साधा वारासुद्धा त्याला भाकरीसारखा हुंगता येईल. सोमलिंगच्या बापाचा घाणा करडईचा.

वळसंगला, ओढ्याच्या अलीकडेच, खांबाला वळसा होता. क्लबचा माणूस तिथे प्रत्येकाच्या मनगटाला पिवळं सूत बांधायचा, वळून आल्याची खूण म्हणून, गिरणीचंच सूत. त्यासाठी पाय टेकावा लागे. मी पोचलो तेव्हा सोमलिंगचं बांधून होत होतं. त्याच्या नखांत तांबडं होतं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"यंदा दगड लई उगवलेत," मी म्हटलं.

"पाऊस बरा झाला न्हवं का बे," सोमलिंग म्हणाला, आणि हसत निघाला. हसताना त्याच्या चेहऱ्यावर पाप नव्हतं. पोरपणी चिंचा चोरताना असायचं तसंच तोंड. त्याला वाटत होतं तो माझ्याकडून एक ढाल चोरतोय.

मी सूत बांधून घेतलं आणि ठरवलं. परतीला हात उठणार नाही. खोट्या दगडाला नाही. दोन्ही मुठी आवळल्या, इतक्या की हँडलला बोटांचे खड्डे पडले. ते पुढे विरुपाक्षने बरीच वर्षं गिऱ्हाइकांना दाखवले. तिसरा दगड, म्हणजे आता पहिला, समोर आला. उजव्या दंडात काहीतरी उसळलं, झोपेत पाय दचकतो तसं. मी कोपर बरगडीशी दाबलं, दात दाबले, दगडाकडे पाहिलं नाही. तो मात्र माझ्याकडे बघत मागे गेला. गाडी डगमगली नाही. सरळ रेषेत सायकल चालवणं काय असतं हे मला आयुष्यात प्रथम कळलं आणि त्याच क्षणी खोकला आला. आतून वर, मुळापासून. डोळ्यांपुढे शाळू पिवळा झाला, काळा झाला. पाय फिरत होते, कारण चाक फिरत होतं. हे उत्तर होतं का? माणसाने रंगवलेल्या दगडाचं उत्तर? मी शिवेवरून घाईने जाणारा बाप पाहिला. मला दिसली ती त्याची पाठच, चेहरा मला कधीच दिसला नव्हता. मग खोकला बसला. काही झालं नाही. शाळू शाळूसारखा झाला. बांधावरचा दुसराही गेला, या वेळी दंड नुसता गरम झाला.

खरी अडचण पुढे आली, कुंभारीच्या म्हसोबाशी. हा खरा. याचा शेंदूर बोटभर जाड, वर्षानुवर्षांचा, कडेला पोपडे सुटलेले. मी मुठीला म्हटलं, सुट. आणि मला कळलं की ती आता सुटली तर पुढच्या खोट्याला मी तिला धरू शकणार नाही. एकाला उघडली की सगळ्यांना उघडणार. तिला खरं-खोटं शिकवलेलंच नव्हतं, आईने फक्त तांबडं शिकवलं होतं. म्हसोबा आला. म्हसोबा गेला. पाठीवर केस उभे राहिले, आणि पुढे, फार पुढे नाही, सोमलिंगचा सदरा दिसला. तो मागे वळून बघत होता. मी जवळ येतोय याचा त्याला अर्थ लागत नव्हता.

चिमणी दिसायला लागली. पातळ, धूर नसलेली, रविवारची. तिच्याखाली कुठेतरी माझं यंत्र होतं आणि त्याच्या बाजूला लव झटकलेली माझी जागा, सोमवारी सकाळी मी उभा राहावा म्हणून. मी मान खाली घातली. आता श्वास आत जाताना शिट्टी वाजत होती. सदरा हातभर अंतरावर आला असेल, तेवढ्यात सोमलिंग एकदम ओरडला आणि त्याच्या गाडीचं मागचं चाक घसरत आडवं झालं. मीही पायांनी चाक मागे रेटत कसाबसा थांबलो. सडक शेरडांनी भरली होती. एका बाजूला दुरुस्तीच्या खडीचे ढीग, दुसऱ्या बाजूला बाभळीच्या काट्यांचं कुंपण, चाक घालायला जागा नाही. शेरडं निंबाखालच्या दगडाला घोळका करून उभी होती. दगडावर हळद होती, पाणी शिंपडलेलं होतं, आणि मधोमध काठी आडवी धरून एक म्हातारी. ही नाक्याजवळच्या वस्तीवरची गोजाबाई, बाजाराला दूध घालणारी. तिला सगळी सडक ओळखायची.

"म्हातारे, शेरडं काढ! शर्यत चाललीय!" सोमलिंग म्हणाला.

"पाया पड आन जा," गोजाबाई म्हणाली. "तुमी फुडं गेलासा तवाधरनं माजी शेरडं हितनं हलंनात. एक पाय हलंना. जागा हाय ही."

शेरडं हलत नव्हती याचं कारण मला दिसत होतं. दगड खरा वाटावा म्हणून सोमलिंगने त्याच्यापुढे हरभऱ्याचा चांगला ढीग ओतला होता. देवाला स्वस्तात उरकणारा तो नव्हता.

"अगं, देव न्हाय त्यो!" सोमलिंगचा आवाज चिरकला. "म्या काल रंगवलाय त्याला! माज्या दुकानच्या तेलानं!"

"मग? नाक्यावरच्या मारुतीला काय मारुती सोता रंगवतो व्हय? माणूसच रंगवतो की."

"म्या ह्याच्या गमतीसाठी रंगवलाय, ह्या सिद्याच्या!"

"तू कशापायी का रंगवंना. रंगवनारा तू, बसनारा त्यो. तुला इचारून बसंल व्हय? पाया पड."

"माज्याच दगडाच्या?" सोमलिंग हसायला गेला, पण मागून इतर सायकलींच्या घंटा ऐकू येऊ लागल्या होत्या. "येनप्पा सिद्या, सांग की बे हिला!"

गोजाबाईने माझ्याकडे पाहिलं. मी दगडाकडे पाहिलं. याच्यावरचा ओघळ सुकला होता, त्यात हळद बसली होती, एक मुंगी वर चढत होती. मला ठाऊक होतं तो काय आहे ते. आता तर रंगवणाऱ्याच्या तोंडून ठाऊक होतं. हाताकडे लक्ष दिलं. हात हलत नव्हता. दंडात उसळी नाही, गरमी नाही, मूठ हँडलवर नुसती पडून होती, दुसऱ्याची असल्यासारखी. घंटा जवळ आल्या. छातीत शिट्टी वाजली. मी डाव्या हाताची बोटं उचलली, मग उजव्या हाताची, एक एक करून, सुताराने खिळे उपटावेत तशी. दोन्ही तळवे एकमेकांवर आणले, आणि डोकं वाकवलं. किती वाकवावं याचा अंदाज घेत वाकवलं. म्हातारीला दिसेल इतकं.

"ह्यो बघ. लेकरू शानं हाय," गोजाबाई म्हणाली, आणि तोंडाने असा आवाज काढला की शेरडं दुभंगून बाजूला झाली. सायकल जाईल एवढीच वाट. मी निघालो, आणि माझ्यामागे ती मिटली.

"खोटा हाय बे त्यो!" मागून सोमलिंग ओरडला. "सिद्या! तुला बी ठाव हाय!"

ते मला नाक्यापर्यंत ऐकू येत राहिलं. नाक्यावरची माणसं काय ओरडत होती ते नाही, सोमलिंगचं तेवढं ओरडणं. दोरी तोडली, कुणीतरी खांद्यावर घेतलं, गुरुसिद्धप्पांनी पाठीवर थाप मारली तेव्हा मी खोकलो आणि ते म्हणाले, "सोमवारी कार्डिंगला जाऊ नको, कचेरीत ये." आई गर्दीच्या कडेला होती. तिने पदर तोंडाशी धरला होता. सोमलिंग सगळ्यांच्या शेवटी आला, सायकल हातात धरून, चालत. त्याच्या कपाळाला हळद लागली होती.

तेव्हापासून मी वाऱ्यात आहे. स्टेशन, पोस्ट, जिनिंग. उन्हात, धुळीत, पण वाऱ्यात. पहिल्याच उन्हाळ्यात शिट्टी गेली, मी आडवा होऊन झोपू लागलो, आणि आईने उशी भिंतीपासून काढून खाली ठेवली. छाती तर अशी झाली की एकदा पोस्टापाशी शिंकलो तर मास्तरची टोपी स्टेशनात सापडली. हात मात्र उठत नाही. नाक्यावरचा मारुती दिवसातून चारदा लागतो. मी बघतो, वाट बघतो, मूठ सैलही सोडून ठेवतो. काही नाही. स्वतः उचलावा तर त्या निंबाखाली उचलला होता तसाच उचलला जातो, अंदाजाने. म्हणून उचलत नाही.

रविवारी आम्ही अजून जातो, सोमलिंग आणि मी, वळसंगपर्यंत. ढाल नाही, दोरी नाही. प्रत्येक तांबड्या दगडाला आता त्याचा हात उठतो. निंबाखालच्या त्याच्या स्वतःच्या दगडाला तर दोन्ही, आणि गाडी अशी झोकांड्या खाते की मला डोळे मिटून घ्यावेसे वाटतात. एकदा विचारलं, "का रे सोम्या? तूच रंगवलास की."

"म्हनूनच बे," तो म्हणाला. "आपन रंगवला, आन खरंच बसला आसंल तर?"

मी जोरात गेलो तर दुसऱ्या दगडापाशीच तो मागे पडतो, दिसेनासा होतो. म्हणून दगड जवळ आला की मी पाय ढिले सोडतो. तो बरोबरीला येतो, त्याचा हात सुटतो, वर जातो, आणि मी तो वर जाताना बघतो, छातीला लागेपर्यंत, कपाळाला लागेपर्यंत. तोवर तो पुढे गेलेला असतो. नाक्यावर तोच आधी पोचतो. माणसं म्हणतात, शिपाई झाला आणि सिद्याचा दम संपला.